थांबायची जागा

शर्यत बघायला आलेली माणसं गाड्या सुटतात त्या टोकाला गर्दी करतात. धूर तिकडं, आवाज तिकडं, फोटोवालेही तिकडंच. मी तिथं कधी उभी राहत नाही. माझी खुर्ची दुसऱ्या टोकाला असते, जिथं चिटपाखरू फिरकत नाही. गाडी पळते कशी हे मला नीटसं कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. ती थांबते कशी, तेवढं मी बघते.

हा नाद मला लेकीपायी लागला. एरवी माझं आयुष्य रस्ते बांधण्यात गेलं. खडी, मुरूम, डांबर, रोलर, आणि दिवसभर उन्हात उभं राहून माणसांवर ओरडणं. घाटात ट्रकचे ब्रेक गेले तर त्याला शिरायला बाजूला सैल खडीची वाट करतात, तशा वाटाही मी करून दिल्यात. घरात आम्ही दोघीच. पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा वाटलं, चला, आता कुठल्यातरी कंपनीत चिकटेल. कसलं काय! हिनं अक्कलकोट रोडला गॅरेज टाकलं, आधी मोटरसायकली पळवल्या आणि मग ती गाडी बांधली. लांबुडकी, मागं दोन गलेलठ्ठ चाकं, पुढं दोन काटकुळी, आणि मधे लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात माझी पोर. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी म्हटलं, "ए भवाने, ह्यात बसून तू जाणार कुठं?"

"सरळ," ती म्हणाली.

खरंच सरळ. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, नाकासमोरचा एक रस्ता आणि चारशे मीटर. वळण नाही, डावपेच नाहीत, तुम्ही शिंक आवरेपर्यंत निकाल. पण चारशे मीटर संपले म्हणून गाडी संपत नाही ना! उलट तेव्हाच ती सगळ्यात जोरात असते. तिथून पुढं मागची पॅराशूटसारखी छत्री उघडायची, ब्रेक दाबायचा, आणि पुढ्यात रस्ता उरलेला असायला हवा. पळायला लागतो त्याच्या दुप्पट रस्ता थांबायला लागतो, आणि तोही संपला तर शेवटी सैल वाळूचा पट्टा, त्याच्यामागं जाळी. पोर पिंजऱ्यात बसायला लागली तेव्हापासून मला पळायच्या रस्त्याची भीती वाटेना, ह्या उरलेल्या रस्त्याची वाटायला लागली. निकाल लागलेला असतो, माणसं टाळ्या वाजवत असतात, आणि गाडी अजून जातच असते.

दोन-तीन वर्षांपूर्वी क्लबची पोरं घरी आली. मोडनिंबच्या अलीकडं, हायवेपासून आत, विमान चालवायला शिकवायची एक जुनी धावपट्टी बंद पडून होती. ती त्यांनी भाड्यानं घेतली होती. लांबी कमी पडत होती म्हणून शेजारचं रान घेऊन त्यावर पुढं डांबरी रस्ता वाढवला होता. "काकू, तुम्ही रस्त्यातल्या. थांबायची बाजू तेवढी तुम्ही बघा की," असं म्हणत त्यांनी माझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी चापून खाल्ली. मी गेले, बघितलं. शेवटाला त्यांनी पक्की भिंत बांधायचं ठरवलं होतं. म्हटलं, "भिंत कशाला रे? आत्महत्येला?" भिंत रद्द झाली, वाळू आली, जाळी आली, कडेला कठडे आले. थांबलेली गाडी बाजूला काढायला एक फाटा आला. आणि ह्या टोकाची मुखत्यारी माझ्याकडं आली. एक वॉकीटॉकी, एक लाल झेंडा आणि एक प्लास्टिकची खुर्ची.

तो पाईप मी पहिल्याच दिवशी बघितला. कठड्याच्या पलीकडं, जमिनीतून गुडघाभर वर आलेला सिमेंटचा पाईप. त्याला हळदकुंकू लावलेलं, तोंडाशी एक सुकलेलं फूल. मी वाकून बघायला गेले तर माझ्या ओढणीचं टोक आपोआप पाईपाच्या तोंडाकडं ओढलं गेलं. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. पाईप हवा आत ओढत होता.

"सकाळच्या पारी घेतो, दुपारनं सोडतो," मागून कुणीतरी म्हणालं. मी दचकून वळले. टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. ज्या कुटुंबाचं ते रान होतं त्या घरातला तो. त्याच्या पोरांनी रान विकलं, तरी हा रोज येऊन पाईपाला कुंकू लावून जायचा. मी त्याला आबा म्हणायला लागले.

आबानं सांगितलं ते असं. ह्या जागी त्यांची वस्ती होती, आणि वस्तीवर आड होता, अरुंद तोंडाचा, पिण्याच्या पाण्याचा. पुढं पाणी नळाला आलं, वस्ती उठली, आड बंद करायची वेळ आली. पण जिवंत पाण्याचा आड असा गपकन बुजवायचा नसतो. "पाण्यात आसरा असत्यात, ताई. बाया असत्यात त्या. त्यास्नी कोंडायचं न्हाई. म्हणून पाईप ठिवायचा, श्वासाला." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या आजोळी करमाळ्याकडंही विहिरीच्या काठाला त्यांचे दगड मांडलेले असतात. आमची आई तिथून जाताना पदर डोक्यावर घ्यायची.

मी शिकलेली बाई आहे. जमिनीखाली पोकळी असली की बाहेरच्या हवेचा दाब चढ-उतार होतो तशी हवा आतबाहेर करते, त्यात जादू काही नाही. हे मी स्वतःला सांगितलं, आबाला नाही. आणि पाईपाभोवती पहार मारून बघितली. घट्ट मुरूम. म्हटलं, आड बुजवलाय, वरचा थोडा भाग पोकळ राहिला असेल, आणि तसाही तो रस्त्याच्या बाहेर आहे. रस्ता करणाऱ्या ठेकेदारानंही तेच धरलेलं. पाईपापासून रस्ता लांब ठेवला म्हणून तो स्वतःवर खूश होता. कुणालाही तसंच वाटलं असतं.

तरी त्या टोकाला काहीतरी होतं, हे मी आज मान्य करते. सराव चालू झाला, मोटरसायकली पळायला लागल्या. मी खुर्ची पाईपाशेजारी टाकायची, कारण दुपारी त्यातून गार हवा यायची आणि तिथं सावलीचा पत्ता नाही. मोटरसायकल लांबून आवाज करत यायची, माझ्यासमोरून निघून जायची, आणि त्याच क्षणाला पाईप उचकी द्यायचा. हुक्. एकच. मग पुन्हा आपला संथ चालू. पहिल्यांदा मी हसले. दहाव्यांदा हसू आलं नाही.

पोरंही काहीबाही बोलायची. एकजण म्हणाला, "काकू, हितं आलं की आवाज बदलतो. इंजिन मागं कुणीतरी बसल्यासारखं घुमतं." दुसऱ्याला म्हणे तिथं पोटात गोळा यायचा, पाळण्यात बसल्यावर येतो तसा. मी रस्ता चालून बघितला, पट्टी लावून बघितली. सपाट. एका बोटाचाही उतार नाही. लेकही तिथं मोटरसायकलवरच सराव करायची, तिला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तिथं मला काहीच होत नाही. तिथं मला फक्त तू दिसतेस, खुर्चीत, डोक्यावर टॉवेल टाकून. भूत दिसतेस."

"तुझी जीभ झडो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

मार्च संपत आला होता तेव्हा मोठी शर्यत ठरली. ह्या शर्यतीत माझ्या पोरीचं सगळं लागलेलं होतं. दक्षिणेतला एक मोठा संघ माणूस निवडायला येणार होता. जो जिंकेल त्याला त्यांची गाडी, त्यांचे मेकॅनिक, सगळं. ही पोर आठ-दहा वर्षं हाताला ग्रीस लावून ह्याच दिवसाची वाट बघत होती. सकाळी निघताना तिनं माझ्या पाया पडून सांगितलं, "आज काही म्हणू नकोस. नीट जा, हळू जा, असलं काही म्हणू नकोस." मी नुसती दह्याची वाटी पुढं केली.

सकाळची चाचणी फेरी झाली. त्या रस्त्यावर जड गाड्या पहिल्यांदाच पळत होत्या, एरवी सगळ्या मोटरसायकली. पोरीची गाडी आली ती मला आधी दिसलीच नाही, फक्त ऐकू आली. मग पांढरी छत्री फटकन उघडली आणि तिच्यापुढं गाडी. छान थांबली. माझ्यासमोर, फाट्याच्या तोंडाशी. इंजिन बंद झालं आणि माळावर एवढी शांतता पसरली की कानात दडे बसल्यासारखं झालं. तिनं हेल्मेट काढलं, माझ्याकडं बघून अंगठा दाखवला आणि आतच बसून राहिली. गाडी ओढून न्यायला जीप यायला वेळ होता.

मी पाईपाशी उभी होते. पाईपातून आवाज आला.

डुबुक.

मी कान लावला. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, डुबुक. मग बारीक बारीक, डुबुक, डुबुक. पाण्यात कुणीतरी खडे टाकत बसावं तसं. म्हटलं, बेडूक असेल. पाण्याच्या जागी बेडूक असणारच. समोर माझी पोर पिंजऱ्यात बसून घाम पुसत होती. तिच्या गॅरेजमधली दोन पोरं येऊन छत्री गोळा करत होती, कुणी चाकाला टेकून उभं होतं. जीप आली, दोर लावला, गाडी फाट्यावरून निघून गेली. मी कान लावूनच होते. आवाज बंद झाला.

दुसऱ्या एका गावच्या मुलाची गाडी आली. तीही फाट्याच्या तोंडाशी थांबली. पाईपात डुबुक, डुबुक. ती ओढून नेली. आवाज बंद.

आता मला सांगा, बेडकाला गाडी कळते का?

मी खुर्चीत बसले ती तशीच बसून राहिले. मग उठले आणि आबाला शोधायला गेले. तो कठड्याच्या कडेनं चाललाच होता, हातात कुंकवाची पुडी. मी विचारलं, "आबा, आड कुठं आहे?"

"म्हंजे?"

"आड, आड! तुमचा आड नेमका कुठं?"

त्यानं पाईपाकडं बोट केलंच नाही. हात वर केला आणि रस्त्याच्या मधोमध दाखवला. फाट्याच्या तोंडाशी. डांबरावर माझ्या पोरीच्या चाकांचे दोन काळे पट्टे जिथं येऊन संपत होते, बरोबर तिथं.

"आन् हा पाईप?"

"ह्यो तर आमी बाजूला घेतला की. रस्ता येणार म्हणल्यावर खालनं आडवा पाईप टाकून काठाला आणला. मधी ठिवला असता तर चाकाखाली फुटला असता. मग आसरा कोंडल्या असत्या का न्हाई?" तो मोठ्या समाधानानं सांगत होता. कुणाचं काही चुकलंय असं त्याच्या मनातही नव्हतं. श्वासाची सोय झाली, म्हणजे आडाचं सगळं नीट झालं.

"आणि आड बुजवला कशानं?"

"बुजवतंय कोण? जिवंत पाणी हाय आत. वर तुळया टाकल्या, बाभळीच्या. त्यावर शहाबादी फरशी. मग माती. लई मजबूत काम हाय, ताई."

मी पळत खुर्चीपाशी आले आणि वॉकीटॉकी उचलला. "शर्यत थांबवा. थांबायच्या जागेखाली पोकळ आहे. ऐकताय का? खाली आड आहे!"

खरखर झाली. मग क्लबच्या प्रमुख पोराचा आवाज आला. "काकू, फायनल लागलीय. गाड्या रेषेवर आल्यात. पाहुणे बसलेत. एवढी एक फेरी होऊ दे, मग बघू."

"मग काय बघणार? खड्डा?"

"काकू, उन्हात बसून तुम्हाला—" आणि त्यावर कुणीतरी स्पीकरवरून नावं पुकारायला लागलं, गाणं वाजलं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. दोन नावांतलं एक नाव माझ्या पोरीचं होतं.

मी झेंडा उचलला आणि रस्त्यावर उतरले. आडाच्या जागेला वळसा घातला, पलीकडं गेले, आणि सुटायच्या टोकाकडं तोंड करून मधोमध उभी राहिले.

तिथून काय दिसतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण शर्यत चालू असताना रस्त्याच्या मधे कुणी उभं राहत नाही. सगळा रस्ता वितळून पाणी झाला होता. मृगजळ मी हजारदा बघितलंय, रस्त्यावरच्या माणसाला त्याचं काय कौतुक! पण हे निराळं होतं. लांब त्या टोकाला दोन गाड्या पाण्यावर तरंगत होत्या आणि त्यांच्याखाली दोन गाड्या उलट्या लटकत होत्या. माणसं लांब लांब होत होती, तुटत होती, पुन्हा जुळत होती. आवाज मात्र स्वच्छ येत होता. दोन्ही इंजिनं चालू झाली. जमीन माझ्या चपलांखाली थरथरायला लागली. मला भीती वाटली. मोठी कसली नाही, साधी, पोटातली भीती. वाटलं, मला हे पाणी दिसतंय तर त्यांना मी दिसत असेन का? आणि मागं, माझ्या पाठीमागं, कुणीतरी उभं आहे असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी वळून बघितलं नाही. झेंडा हलवत राहिले.

इंजिनांचा आवाज चढत गेला. मग त्यातला एक आवाज खाली आला आणि बंद पडला. थोड्या वेळानं दुसराही.

पोर गॅरेजमधल्या एका पोराच्या स्कूटरवर मागं बसून आली, अंगात आगीचा जाडजूड सूट, हातात हेल्मेट, तोंड लालबुंद. उतरली तीच ओरडत. "काय लावलंयस, आई? काय लावलंयस तू हे? आज? आजच?" मी सांगायला लागले तर ऐकेना. "तुला हे नकोच होतं. पहिल्यापासून नको होतं. तुला मी घरी बसलेली हवी होते!" आणि रडायला लागली. ती रागानं रडते, लहानपणापासून. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटत होती. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "उकरू दे. मग काय बोलायचं ते बोल."

वाळूच्या कामाला आणलेला जेसीबी तिथंच उभा होता. क्लबचा पोरगा कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, खाली काही निघालं नाही तर?" मी म्हटलं, "तर मला पूर तिथं." जेसीबी लांब उभा करून फक्त हात पुढं घेतला. डांबर निघालं. खडी निघाली. मुरूम निघाला. मग बकेट फरशीवर घासली. तो आवाज भरीव जमिनीचा नव्हता.

दोन फरशा बाजूला केल्या. खाली तुळया होत्या. बाभळीच्याच, आबा खोटं बोलत नव्हता, पण वाळवीनं आतून पार पोखरलेल्या. मधली एक अर्ध्यातून चिरली होती. चीर ताजी होती. आतलं लाकूड अजून पिवळं होतं, आणि त्याच्या कडेनं मातीचे बारीक खडे एक एक करत सुटत होते. डुबुक. डुबुक.

खाली काळोख, आणि काळोखात पाणी. सांगोल्याकडं टँकर सुरू झाले होते त्या दिवसांत, आणि हितं पाणी एवढं वर की त्यात आभाळाचा तुकडा दिसत होता. त्या भोकातून गार हवा वर आली आणि उन्हात आमच्या पायांना लागली. आबानं टोपी काढली. "जिता हाय की!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आनंदानं. एकटा तोच आनंदात होता.

पोर काठापासून हातभर लांब, पोटावर आडवी होऊन आत बघत होती. सकाळी ती ह्यावर बसली होती. नुसती गेली नव्हती, बसली होती, पट्ट्यांनी बांधलेली, लोखंडी पिंजऱ्यात. तिच्या मनात तेच चाललं असणार, कारण तिचा हात आपोआप छातीशी गेला, पट्ट्याचं कुलूप असतं तिथं, आणि ते सोडवायची खटपट करू लागला. पट्टा नव्हताच अंगावर. मी तिच्याशेजारी बसले.

ती म्हणाली, "मी झेंडा बघून इंजिन बंद नाही केलं."

"मग?"

"झेंडा दिसलाच नाही. तू दिसलीस. कमरेपर्यंत पाण्यात उभी होतीस. मला वाटलं, तू बुडतेस."

"मृगजळ गं ते."

"माहितेय मला." ती अजून आत बघत होती. "पण एकटी नव्हतीस. तुझ्या मागं बायका उभ्या होत्या. तुझ्याएवढ्याच."

उन्हात हवेचे थर असले की एका माणसाची दोन-चार माणसं दिसतात, हे मी तिला सांगितलं. ते खरंही आहे. ती 'हं' म्हणाली. किती होत्या, असं मी विचारलं नाही, आणि आबानं तर ऐकल्याबरोबर हात जोडून खालमानेनं काढता पाय घेतला.

शर्यत रद्द झाली. पाहुणे परत गेले, आणि त्या मोठ्या संघानं पुढं दुसऱ्याच कुणालातरी घेतलं. पोर माझ्यावर रागावली नाही, पण बरेच दिवस नीट बोललीही नाही. जेवताना मधेच हात थांबायचा तिचा. धावपट्टीवर आता गाड्या उलट्या दिशेनं पळवतात, थांबायची बाजू जुन्या पक्क्या भागात आहे. आडाला कठडा बांधला. मी आबाला विचारलं, पाईप काढायचा का? तो म्हणाला, असू द्या, सवय झालीय त्यास्नी.

पोरीनं गाडी सोडली नाही. सोडेल असं मला वाटलंही नव्हतं. ती आपल्या आपण लांबलांबच्या शर्यतींना जाते. माझे गुडघे आता एवढा प्रवास होऊ देत नाहीत, त्यामुळं दर ठिकाणच्या थांबायच्या जागेला मी नसते. मग आमचं एक ठरलं. गाडी थांबली, पट्टे सोडून ती बाहेर आली, की आधी मला फोन. "आई, थांबले." मी निकाल विचारत नाही. मी म्हणते, "पाय आपट." ती हसते, म्हणते काय वेडेपणा आहे, आणि आपटते. बुटाचा आवाज घट्ट येतो. मग मी म्हणते, हं, आता सांग.

परवा फोन आला तो उशिरानं. स्वयंपाकघरात उभी होते मी, गॅस बंद करून. तिचा श्वास लागलेला ऐकू येत होता. बोलत काही नव्हती.

"पाय आपट," मी म्हटलं.

काही नाही. मी फोन कानावर दाबून धरला. मग पुन्हा म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आपट गं. आवाज येत नाहीये."

"आपटतेय, आई. कसा येईल आवाज?" ती म्हणाली. "वाळूत उभी आहे मी, गुडघ्यापर्यंत. छत्री उघडलीच नाही."

तिकडं कुणीतरी पळत येत होतं, तिला हाक मारत होतं.

"पण थांबले," ती म्हणाली.